द, अ आणि रिकामी जागा

‘साहेब ड्रायव्हर शोधतायत’ असं कुणी म्हणालं, की ओळखीतला एखादा गरजू ड्रायव्हर आपल्या डोळ्यांसमोर येतो. जागा रिकामी आहे, माणूस हवाय, हे लगेच कळतं. ‘साहेब ड्रायव्हरला शोधतायत’ म्हटलं, की आपण चहाच्या टपरीकडे बघतो. ड्रायव्हर ठरलेला आहे, फक्त आत्ता गाडीपाशी दिसत नाही. ‘ते मुलगी बघायला गेलेत’ म्हटल्यावर कांदेपोहे आठवतात. ‘ते मुलीला बघायला गेलेत’ म्हटल्यावर तिची तब्येत बरी आहे ना, असं आपण विचारतो. एका ‘ला’नं एवढा पालट होतो आणि मराठी बोलणाऱ्या कुणालाही तो कधी समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजीत हेच काम ‘अ’ आणि ‘द’ करतात. ‘ही इज लुकिंग फॉर अ ड्रायव्हर’ म्हणजे त्याला ड्रायव्हर हवाय. ‘ही इज लुकिंग फॉर द ड्रायव्हर’ म्हणजे आपला ड्रायव्हर कुठे गेला ते तो बघतोय. असं असूनही उपपदांचा धडा सुरू होताना मराठी मुलांना पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं, की आपल्या भाषेत उपपदं नाहीत, म्हणून ती आपल्याला अवघड जातात. त्यातला पहिला भाग खरा आहे. संस्कृतात उपपदं नव्हती, मराठी-हिंदीत नाहीत, रशियन, पोलिश, चिनी, जपानी भाषांतही नाहीत. पण उपपदांमागे जो विचार चालतो तो आपल्याकडे आहे, आणि आपण तो दिवसभर करत असतो. शिकवणं तिथूनच सुरू व्हायला हवं, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

सध्या ते सुरू होतं नियमांपासून. स्वरापूर्वी ‘ॲन’, सूर्य-चंद्रापूर्वी ‘द’, नद्यांच्या नावांना ‘द’, पहिल्या उल्लेखाला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘द’. तर्खडकरांच्या भाषांतरमाला गिरवलेल्या पिढ्यांपासून आजच्या क्लासपर्यंत हे असंच चालत आलंय. गाळलेल्या जागा भरण्यात मुलाला पैकीच्या पैकी मार्क मिळतात आणि स्वतःचं पत्र लिहायला बसलं की तेच मूल उपपदं एकतर गाळतं, नाहीतर पेरत सुटतं. कारण उपपद कुठे लावायचं ते त्याला सांगितलेलं असतं. कशासाठी लावायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि हा शब्द कोपऱ्यातला नाही. ‘द’ हा इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द आहे. छापील इंग्रजीत शंभरातले पाच-सहा शब्द तोच असतो.

तर कशासाठी? ‘द’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला सांगत असतो: मी कशाबद्दल बोलतोय ते तुला ओळखता येईल. ‘अ’ म्हणताना सांगतो: अशी एक वस्तू आहे, कोणती ते तुला ठाऊक असायची गरज नाही. इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. प्रश्न बोलणाऱ्याच्या माहितीचा नाहीच. मी काल विकत घेतलेलं पुस्तक कोणतं ते मला पक्कं माहीत आहे. त्याचं मुखपृष्ठ, किंमत, दुकान, सगळं. तरी मी म्हणणार ‘आय बॉट अ बुक येस्टरडे’, कारण तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नाही. उपपद म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय आहे याचा बोलणाऱ्यानं बांधलेला अंदाज. विद्यार्थी नामाकडे टक लावून बघत बसतो आणि उत्तर सापडत नाही, ते यामुळे. उत्तर नामात नसतं, समोरच्या माणसात असतं.

हाच अंदाज मराठी शब्दांच्या क्रमातून बांधते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’, ही दोन वाक्यं शब्दाला शब्द तीच आहेत. पहिलं वाक्य कुणी ‘टेबलावर काय आहे’ असं विचारलं तर येतं. दुसरं ‘पुस्तक कुठे ठेवलंस’ याला उत्तर म्हणून येतं. इंग्रजीत पहिलं होतं ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ आणि दुसरं ‘द बुक इज ऑन द टेबल’. दोघांनाही माहीत असलेली वस्तू मराठी वाक्याच्या तोंडाशी आणते, नवी वस्तू क्रियापदाजवळ ठेवते. ‘दारात कुत्रा बसलाय’ म्हटलं तर घरातली माणसं जपून बाहेर पडतात. ‘कुत्रा दारात बसलाय’ म्हटलं तर तो आपलाच असतो. गोष्ट सांगतानाही तसंच. ‘एक होता राजा’ म्हणून सुरुवात केली, की पुढच्या वाक्यात ‘राजाला दोन राण्या होत्या’ एवढंच येतं. ‘त्या राजाला’ म्हणायचीसुद्धा गरज पडत नाही. पहिल्या राजाला इंग्रजीत ‘अ किंग’ आणि दुसऱ्याला ‘द किंग’, हे ज्याला कळलं त्याला पहिला उल्लेख-दुसरा उल्लेख हा नियम पाठ करावा लागत नाही.

उलट तो नियम पाठ केलेल्याची पुढे अडचण होते. ‘मी काल सायकल घेतली आणि आज चेन निघाली.’ इथे चेनचा उल्लेख पहिलाच आहे. नियमानं ‘अ चेन’ यायला हवं. इंग्रज म्हणतो ‘द चेन केम ऑफ’. सायकल म्हटली की चेन आलीच, ती ऐकणाऱ्याला आपोआप सापडते. लग्नाला गेलो होतो म्हटल्यावर ‘द ब्राइड’, ‘द फूड’, ‘द पार्किंग’ हे सगळे पहिल्याच फटक्याला ‘द’ घेऊन येतात. सूर्य-चंद्राचा नियमही मुळात याच घरचा. आपल्या आकाशात एकच सूर्य आहे, त्यामुळे कोणता असं कुणी विचारणार नाही. खगोलशास्त्राच्या पुस्तकात, जिथे सूर्य असंख्य आहेत, तिथे ‘अ सन’ बिनदिक्कत छापलेलं असतं.

माणसांच्या नावांवरही हे चालतं, आणि त्याला मराठीत तोडीस तोड प्रयोग आहे. ‘अ मिस्टर कुलकर्णी कॉल्ड फॉर यू’ याचं सरळ मराठी ‘तुमच्यासाठी कुणी कुलकर्णी म्हणून फोन होता’. त्या ‘कुणी’मध्ये आणि त्या ‘म्हणून’मध्ये इंग्रजी ‘अ’ पुरता भरलेला आहे: मी या गृहस्थांना ओळखत नाही, तुम्ही ओळखत असाल तर बघा. ज्यांना आपण दोघंही ओळखतो त्या कुलकर्णींबद्दल असं बोललं तर दोन्ही भाषांत त्यांचा अपमान होतो. ‘ही इज अ तेंडुलकर’ याचे दोन अर्थ संभवतात, एक तेंडुलकर घराण्यातला आणि दुसरा तेंडुलकरच्या तोडीचा. आणि ‘द’वर जोर देऊन, ‘दी’ असा दीर्घ उच्चार करून ‘यू मेट दी सचिन तेंडुलकर?’ असं कुणी विचारलं, तर त्याला आपल्याकडे ‘म्हणजे साक्षात सचिन?’ असं म्हणतात.

‘द’मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते: ती वस्तू आहेच, हे गृहीत. बर्ट्रंड रसेल या तत्त्वज्ञानं १९०५ साली ‘माइंड’ या नियतकालिकात एक लेख लिहिला, त्यातलं एक उदाहरण फार गाजलं. फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे, हे वाक्य खरं की खोटं? १९०५मध्ये फ्रान्सला राजाच नव्हता. टकल्या माणसांची यादी करा, बिनटकल्यांची करा, तो दोन्हींत सापडणार नाही. रसेलचं म्हणणं असं, की ‘द किंग’ म्हणताना तुम्ही गुपचूप दोन दावे करून मोकळे होता: असा राजा आहे आणि तो एकच आहे. पहिला दावाच खोटा, म्हणून सगळं वाक्य खोटं. पुढे युद्धविरोधी लिखाणाबद्दल १९१८ साली त्याला लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवलं, तेव्हा त्यानं गणिती तत्त्वज्ञानावरचं जे पुस्तक लिहिलं त्यातली दोन प्रकरणं त्यानं ‘द’ला दिली, एक एकवचनी ‘द’ला आणि एक अनेकवचनी. १९५०मध्ये पीटर स्ट्रॉसननं रसेलच्या या म्हणण्याला हरकत घेतली. राजाच नसेल तर वाक्य खोटं ठरत नाही, खऱ्याखोट्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असं त्याचं म्हणणं. हा वाद तत्त्वज्ञानाच्या वर्गात अजून शिकवतात.

वर्गाबाहेर ‘द’मधल्या या गृहीताचा परिणाम किती होतो, ते एलिझाबेथ लॉफ्टस आणि ग्विडो झॅनी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि नंतर प्रश्न विचारले. काहींना विचारलं, ‘डिड यू सी अ ब्रोकन हेडलाइट?’ बाकीच्यांना, ‘डिड यू सी द ब्रोकन हेडलाइट?’ फिल्ममध्ये फुटलेला हेडलाइट नसतानाही ‘द’वाला प्रश्न ज्यांना विचारला त्यांच्यात ‘हो, पाहिला’ म्हणणारे जास्त निघाले आणि ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणणारे कमी. ‘द’नं त्यांच्या मनात हेडलाइट आधीच फोडून ठेवला होता. ‘तो फुटलेला हेडलाइट दिसला का तुम्हाला?’ असं मराठीत विचारून बघा, ‘तो’ हा शब्द तेच करतो. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा याबद्दल न्यायालयं इतकी काटेकोर का असतात, हे यावरून कळतं.

एक उपपद गळालं म्हणून गाजलेलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य चंद्रावरचं आहे. भारतात २१ जुलै १९६९ची सकाळ होती. नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला आणि जगानं ऐकलं: ‘दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.’ त्याला म्हणायचं होतं ‘फॉर अ मॅन’, एका माणसाचं छोटं पाऊल. पण ध्वनिमुद्रणात तो ‘अ’ ऐकू येत नाही. नुसतं ‘मॅन’ म्हटलं की इंग्रजीत त्याचा अर्थ मानवजात असा होतो. म्हणजे जे ऐकू आलं त्याचा शब्दशः अर्थ असा: मानवजातीसाठी छोटं पाऊल, मानवजातीसाठी मोठी झेप. वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. आपण ‘अ’सकट म्हटलं होतं, असं आर्मस्ट्राँग सांगत राहिला, छापील नोंदींत तो ‘अ’ कंसात घालायची पद्धत पडली. अर्थ सगळ्यांना कळला, कारण संदर्भ इतका मोठा होता. पण व्याकरणापुरतं बघितलं तर एका अक्षरावर एक माणूस आणि सबंध माणूसजात एवढं अंतर पडलं.

तिथे संदर्भानं सांभाळून घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाला तसं कुणी सांभाळून घेतलं नाही. जून १९६७च्या युद्धात इस्रायलनं सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलन टेकड्या घेतल्या. त्यानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २४२ एकमतानं संमत केला. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांनी तो मांडला होता. त्यात इस्रायली सैन्यानं माघार कुठून घ्यायची, त्याचे शब्द आहेत ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट’. ‘टेरिटरीज’च्या आधी जागा रिकामी आहे, ‘द’ नाही, ‘ऑल’ही नाही. ‘द टेरिटरीज’ म्हटलं असतं तर व्यापलेले सगळे प्रदेश, यात शंका उरली नसती. ‘द’ नाही म्हणून इस्रायलच्या बाजूनं अर्थ लावला, की सगळ्याच प्रदेशांतून माघार घ्यायला हवी असं ठराव म्हणत नाही. याच ठरावाच्या फ्रेंच मसुद्यात ‘दे तेरितुआर’ असे शब्द आहेत, आणि फ्रेंचच्या धाटणीनं त्याचा सरळ अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असा होतो. अरब देशांनी त्याकडे बोट दाखवलं. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि ठरावाचा अर्थ आपण सर्व प्रदेशांतून माघार असाच घेतो, हे भारताच्या प्रतिनिधीनं बैठकीतच नोंदवून ठेवलं होतं. तीन अक्षरांच्या एका शब्दाच्या अभावावर राजनैतिक अधिकारी आणि कायदेपंडित इतकी दशकं लिहीत आलेत. उपपदं ही शोभेची वस्तू आहे असं ज्याला वाटतं, त्यानं या ठरावाबद्दल जरूर वाचावं.

देशांच्या आणि प्रांतांच्या नावांतही राजकारण शिरतं. इंग्रजीत भूभागाच्या, पट्ट्याच्या नावाला ‘द’ लागतो, देशाच्या नावाला सहसा लागत नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत ‘द कोकण’, ‘द डेक्कन’, ‘द पंजाब’ असंच छापलेलं आहे. डेक्कनचा ‘द’ आजही टिकून आहे. युक्रेनला पूर्वी ‘द युक्रेन’ म्हणत. १९९१ साली तो स्वतंत्र झाल्यावर तो ‘द’ सोडावा असा त्या देशानं आग्रह धरला, कारण ‘द’ लावला की दुसऱ्या कुणाच्या राज्यातला एक पट्टा असल्याचा वास येतो. गॅम्बियानं मात्र आपला ‘द’ अधिकृत नावात राखलाय. नद्यांचा ‘द’ तसा निरुपद्रवी आहे, पण आपल्याकडे तो कधी कधी कामाला येतो. ‘कृष्णा’ असं नुसतं लिहिलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला ते देवाचं किंवा माणसाचं नाव वाटतं. ‘द कृष्णा’ म्हटलं की ती वाई-सांगलीकडची नदी.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न यापुढे अगदी किरकोळ आहे, आणि त्यासाठी देवनागरीसारखं साधन आपल्या हाताशी असताना मुलं तिथे चुकावीत याचं मला वाईट वाटतं. इंग्रजी अक्षराकडे बघूच नका. शब्द देवनागरीत लिहा. युनिव्हर्सिटी ‘य’नं सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. आवर ‘आ’नं सुरू होतो, म्हणून ‘ॲन आवर’. एफआयआर, एमएलए, एसटी यांच्या तोंडाशी ‘ए’ आहे, म्हणून ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एसटी बस’. ‘वन-वे’मध्ये ‘व’ आहे, म्हणून ‘अ वन-वे स्ट्रीट’. बस, एवढंच. मुळात ‘ॲन’ हेच मूळ रूप, ‘वन’चं सख्खं भावंड, व्यंजनापुढे त्याचा ‘न’ झिजून गेला. या झिजण्यात कधी कधी ‘न’ची मालकीही बदलली. ॲप्रन हा एके काळी नॅप्रन होता, नॅपकिनच्या गोतावळ्यातला. ‘अ नॅप्रन’ बोलता बोलता लोकांनी ‘ॲन ॲप्रन’ असं तोडलं. निकनेमच्या बाबतीत उलटं घडलं, तिथे ‘ॲन’चा ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला. ‘द’चं मूळ तर आपल्या आणखी जवळचं. जुन्या इंग्रजीत तो दर्शक सर्वनाम होता, ‘तो-ती-ते’सारखा तीन लिंगांत चालणारा, आणि संस्कृतातल्या ‘तद्’शी त्याचं नातं भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच जुळवून ठेवलंय. मराठी ‘ते’ आणि इंग्रजी ‘द’ लांबचे भाऊबंद आहेत.

आता जिथे मराठीची मदत होत नाही, तिकडे वळू, कारण खऱ्या चुका तिथे होतात. ‘तो डॉक्टर आहे’. यात शब्द पुढेमागे करायला जागा नाही, ‘ला’ लागत नाही, आणि ‘तो एक डॉक्टर आहे’ म्हटलं तर ते भाषांतर वाटतं. म्हणून ‘ही इज डॉक्टर’ असं मराठी माणसाच्या तोंडून सहज निघतं. इंग्रजीचा इथला नियम कडक आहे आणि सगळ्या नियमांत तोच सर्वांत भरवशाचा: मोजता येणारं नाम एकवचनात उघडं ठेवायचं नाही. त्याच्या आधी ‘अ’ हवा, ‘द’ हवा, नाहीतर ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ असं काहीतरी हवं. लिहून झाल्यावर प्रत्येक एकवचनी नामावर बोट ठेवून एवढं एक तपासलं, तरी निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. पदांच्या नावांना तेवढी सूट आहे. ‘शी वॉज इलेक्टेड मेयर’ हे बरोबर, कारण महापौर एका वेळी एकच असतो.

हा नियम पाळायचा तर मोजता येणारं कोणतं ते कळायला हवं, आणि तिथे दोन भाषांचा हिशेब जुळत नाही. आपण दोघांचे दोन सल्ले घेतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ मोजत नाहीत. फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांनाही ‘अ’ लागत नाही. माहितीच्या बाबतीत मात्र मराठी आणि इंग्रजी एक आहेत, आपणही दोन माहित्या म्हणत नाही. याहून मजेची गोष्ट अशी, की बरेच शब्द मोजता येण्या-न येण्यावर अर्थच बदलतात. ‘आय हॅड चिकन’ म्हणजे चिकन खाल्लं. ‘आय हॅड अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी संपवली. ‘आयर्न’ लोखंड, ‘ॲन आयर्न’ इस्त्री. ‘ग्लास’ काच, ‘अ ग्लास’ पेला. ‘पेपर’ कागद, ‘अ पेपर’ वर्तमानपत्र किंवा परीक्षेतला पेपर. भरलेल्या गाडीत शिरताना ‘इज देअर रूम?’ विचारलं तर बसायला जागा आहे का, असा अर्थ. हॉटेलच्या काउंटरवर ‘इज देअर अ रूम?’ विचारलं तर खोली. नाम उघडं ठेवणं हीदेखील इंग्रजीत एक निवड आहे. ते नाम मग एखाद्या वस्तूचं राहत नाही, पदार्थाचं होतं.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ची गोष्ट वेगळी. व्याख्यानाला बारा माणसं आली. आयोजक निराश असेल तर म्हणेल ‘फ्यू पीपल केम’. मुसळधार पावसातही बारा जण आले याचं त्याला समाधान असेल तर म्हणेल ‘अ फ्यू पीपल केम’. आकडा तोच. मराठीत हा फरक ‘बाराच जण आले’ आणि ‘बारा जण तरी आले’ असा होतो. तो ‘अ’ म्हणजे आपला ‘तरी’. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तसंच: ‘लिटल होप’ म्हणजे आशा जवळजवळ सुटलेली, ‘अ लिटल होप’ म्हणजे थोडी का होईना, शिल्लक आहे. डॉक्टरांच्या तोंडून यातलं कोणतं आलं ते ओळखता न येणं नातेवाइकांना किती जड जाईल, याचा विचार करावा.

सोसायटीच्या नोटिशीतही एक नेहमीचा घोळ असतो. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर’ म्हटलं तर एकच व्यक्ती दोन्ही पदं सांभाळते असा अर्थ होतो, आणि पुढचं क्रियापद एकवचनी येतं. दोन वेगळ्या व्यक्ती असतील तर दुसरा ‘द’ हवा: ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’. चेकवर सह्या कुणाच्या लागतील असा ठराव इंग्रजीत लिहिताना हा दुसरा ‘द’ राहिला तर बँक तो ठराव परत पाठवू शकते.

आणि काही जागा अशा आहेत, जिथे नुसतं ऐकून ऐकूनच कान तयार करावा लागतो. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं, ‘गो टू द स्कूल’ म्हणजे पालकसभेला किंवा दाखला आणायला त्या इमारतीत जाणं. आपण ‘शाळेत जातो’ आणि ‘शाळेत जाऊन येतो’ म्हणतो ना, तसंच काहीसं. ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ असतो तो रुग्ण आणि ‘इन द हॉस्पिटल’ असतो तो भेटायला आलेला. अमेरिकेत दोघंही ‘इन द हॉस्पिटल’च. ‘इन ऑफिस’ असतात ते सत्तेवर असलेले मंत्री, ‘इन द ऑफिस’ असतात ते आपण, आणि आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘ॲट ऑफिस’ इंग्लंडमध्ये कानाला खटकतं. ब्रिटिश वळणात ‘इन फ्यूचर’ म्हणजे इथून पुढे, बहुतेक वेळा ताकीद देताना. ‘इन द फ्यूचर’ म्हणजे भविष्यात केव्हातरी. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’मध्ये जबाबदारी नर्सवर, ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’मध्येही नर्सवरच, पण या दुसऱ्या वाक्यातला ‘चार्ज’आधीचा ‘द’ गळाला तर मूलच नर्सला सांभाळू लागतं. यांना नियम शोधत बसू नये. वाक्य सबंध लक्षात ठेवावं.

सराव करायचा असेल तर इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या. मथळा नको, कारण जागा वाचवायला मथळ्यात उपपदं गाळतात. आतला एक परिच्छेद पुरे. त्यातले सगळे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ पेन्सिलीनं गिरवून बुजवा आणि बातमी दोन दिवस बाजूला ठेवा. मग स्वतः भरा आणि मूळ मजकुराशी पडताळा. उत्तर वेगळं निघालं, की लगेच काट मारू नका. तुमच्या वाक्याचा अर्थ आधी मराठीत सांगून बघा. बऱ्याच जागी तुमचंही वाक्य बिनचूक निघेल, फक्त बातमीदारानं ज्या वाचकासाठी लिहिलं त्यापेक्षा थोडं जास्त किंवा थोडं कमी माहीत असलेल्या वाचकासाठी लिहिलेलं.